पावसाळ्यात न गळणारा पत्रा जानेवारीत का गळतो?

घर-दार : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी थंडीची आहेत. त्यातली तीन निवडली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्यात माझं स्वतःचं जुनं दुखणं निघालं. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. दोन खोल्या, पुढे पडवी, विटांच्या भिंती आणि वर रंगीत पत्रा. पावसाळ्यात आत एक थेंब येत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार-पाचला पत्र्यातून टपटप पाणी पडतं, अंथरूण ओलं होतं. मिस्त्रीने दोनदा बोल्टांना डांबर लावून झालं, उपयोग शून्य. थंडी एवढी की सासरे कोळशाची शेगडी खोलीत आणतात आणि आम्ही दारं-खिडक्या लावून झोपतो. धाकटी चार वर्षांची आहे, तिचा खोकला हटत नाही. आमचे मालक म्हणतात, स्लॅब टाकू तेव्हाच हे सुटेल. तोवर काय करू? – एक सून

उत्तर : पाण्याचं नंतर बघू. शेगडी आज रात्रीपासून बाहेर.

यात वाटाघाट नाही. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात. सासरे म्हणतील, 'धूर कुठाय? नुसता निखारा आहे, राखेखाली झाकलेला.' नेमका तोच वाईट. धूर दिसला तर आपण निदान खिडकी उघडतो. माझी आजी रोज संध्याकाळी ओसरीवर शेगडी पेटवायची, सगळे भोवती बसायचे, पण निजायच्या आधी ती शेगडी अंगणात नेऊन राखेने झाकायची. 'विस्तवाशेजारी निजू नये' एवढंच म्हणायची, वायूबियू तिला माहीत नव्हता. सासऱ्यांना सुनेने सांगितलेलं पटणार नसेल तर हा अंक त्यांच्या हातात द्या आणि म्हणावं, त्या बाई पासष्टीच्या आहेत. शेकायचं तर पडवीत, सगळ्यांनी मिळून, जेवणाआधी. मुलीचा खोकला डॉक्टरांना दाखवा, आणि खोलीत शेगडी असते हे न लाजता त्यांना सांगा.

आता पाणी. ते आभाळातून येत नाही, ते तुमचंच आहे.

लग्नानंतर पहिली दोन वर्षं आम्ही ओझरला पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत काढली. १९८४ च्या जानेवारीत पहाटे माझ्या कपाळावर थेंब पडला. दिवा लावून पाहिलं तर पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीच्या खालच्या कडेला थेंबांची रांग, माळेत ओवल्यासारखी. घरमालकाशी भांडले. त्यांनी माणूस पाठवला, त्याने डांबर फासलं, आम्ही वर्गणी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळावर थेंब. पुढे मी एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसायला लागले, तिथे एका ज्येष्ठाने मला एकच प्रश्न विचारला : 'ढगाळ रात्री गळतो का?' मी आठवून पाहिलं. नव्हता गळत.

निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता सरळ आकाशात सोडत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. अंगणातल्या मोटारसायकलच्या सीटवर दव पडतं ना, तेच. फक्त पत्र्याला खालूनही दव पडतं, कारण खाली तुम्ही आहात. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटर तरी पाणी हवेत सोडतो. तुम्ही पाच जण असाल तर सव्वा लिटर. त्यात रात्रीचा स्वयंपाक धरा. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे एका सिलिंडरमधून वीसेक लिटर! भाताची वाफ वेगळीच. ही सगळी ओल दारं-खिडक्या लावल्यावर जाणार कुठे? वर जाते, गार पत्र्याला लागते, पाणी होऊन परत तुमच्या गोधडीवर येते. बोल्टाला डांबर लावून हे थांबत नाही, कारण बोल्टाचा यात काही संबंधच नाही.

खात्री करायची असेल तर थेंब कुठे पडतात ते बघा. गळका पत्रा ठरावीक जागी, भोकाखाली गळतो. हा सगळीकडे गळतो, आणि बाहेर दव जास्त त्या दिवशी जास्त.

उपाय सांगते. पत्रा उबदार करायचा नाही, तो होणारही नाही. पत्रा आणि तुम्ही यांच्यामध्ये काहीतरी आणायचं. अर्धा मिलिमीटर लोखंड थंडी अडवत नाही, आणि स्लॅबचं नाव मालकांनी घेतलंय म्हणून सांगते, पाच इंच काँक्रीटही फारसं अडवत नाही. तेवढं काम जेमतेम तीन-चार मिलिमीटर थर्माकोल करतो. नऊ इंची विटांची भिंत म्हणजे साधारण अर्धा इंच थर्माकोल. स्लॅब टाकला की पाणी ठिबकायचं बरंच कमी होईल, गारठा मात्र राहीलच. तेव्हा स्लॅबची वाट बघत चार हिवाळे काढू नका.

मळ्यातली माणसं आहात, बाग असेलच. हिवाळ्यात पिंक बेरी होऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून द्राक्षाचे घड कागदात गुंडाळता, पारा चार-पाचवर उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवता, ठिबकने पाणी सोडता. घडाला कागद आणि माणसाला नुसता पत्रा, हा हिशेब काही मला पटत नाही.

पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना तारा किंवा बांबू बांधून त्यावर दीड-दोन इंची थर्माकोलच्या शीट बसवा. जाड, दाट शीट मागा, बोटाने दाबली तर सहज खड्डा पडणारी नको. सांधे चिकटपट्टीने नीट बंद करा आणि शीट भिंतीला घट्ट टेकवा, नाहीतर ओलसर हवा फटीतून वर जाऊन पत्र्याला लागेलच. इथेच सगळे चुकतात. लोक पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या पन्हळींच्या फटी सिमेंटने बुजवतात आणि हे थर्माकोलचं छत ढिलं ठेवतात. उलटं करा. फटी छताच्या वर आहेत, त्या राहू द्या. त्यातून वारा खेळला की वर चुकून गेलेली ओल निघून जाते. हवा अडवायची ती छताच्या पातळीवर.

थर्माकोल पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून तो उघडा ठेवायचा नाही. खालून सिमेंटचा किंवा जिप्समचा बोर्ड लावा. गॅसच्या आणि चुलीच्या वर थर्माकोल मुळीच नको, तिथे नुसता बोर्ड. बल्बच्या होल्डरपासून, वायरींपासून दूर. पैसे कमी असतील तर यंदा झोपायची एकच खोली करा आणि सगळे तिथेच झोपा. पाच माणसांच्या अंगाची ऊब म्हणजे त्या जुन्या शंभर वॅटच्या बल्बांपैकी तीन-चार रात्रभर पेटते ठेवल्यासारखं आहे, आणि ती फुकट आहे.

थर्माकोलऐवजी पेंढा किंवा पाचट भरू का, असं विचाराल. ऊब उत्तम धरतं, पण उंदीर येतात, आणि उंदरामागून जो येतो तो पाहुणा रात्री छतात सरपटताना ऐकलाय मी. नको.

आज रात्रीसाठी : मच्छरदाणीच्या चार दोऱ्यांवर जुनं लुगडं दुहेरी करून टाका, एका बाजूला उतार देऊन. खोलीत छोटी खोली होते, आत दोन-तीन अंशांचा फरक लगेच जाणवतो आणि थेंब अंगावर येत नाहीत. तोंडासमोरची बाजू मात्र उघडी ठेवा. स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं दार सताड उघडं. झोपताना खिडकीचा वरचा झरोका दोन बोटं उघडा, उत्तरेचा नको, वारा तिकडूनच येतो. हो, थंडीत खिडकी उघडायला सांगतेय. कोरडी गार हवा ओल्या गार हवेपेक्षा कितीतरी बरी.

आणि खाली बघा. शहाबादी फरशीवर गादी टाकून वर तीन गोधड्या घेतल्या तरी पाठ गारठते, कारण अंगाच्या भाराने गादीतला कापूस दबतो आणि त्यातली हवा जाते. ऊब धरते ती हवा, कापूस तिला फक्त जागेवर ठेवतो. फरशीवर आधी बारदान, त्यावर घोंगडं, मग सतरंजी, मग गादी. वरची एक गोधडी काढून खाली घालून बघा. बाजेवर झोपणाऱ्यांना हे दुप्पट लागू, त्यांना तर खालून वारा लागतो.

दिवसा तुमच्याकडे अठ्ठावीस अंश असतं आणि घर बंद असतं, कारण सगळे बागेत. अकराला खिडक्या उघडा, साडेचारला लावा. पाचला नाही, साडेचारला. ऊन उतरायच्या आत. मी लहानपणी चाळीसगावकडच्या धाब्याच्या घरात वाढले. लाकडाच्या सऱ्या, त्यावर फूटभर माती. दुपारचं ऊन त्या मातीतून उतरून आत पोचायला आठ-दहा तास लागायचे, म्हणजे रात्री ऐन थंडीत घर आतून उबदार. पावसाळ्यात तेच धाबं आमच्या डोक्यावर गळायचं आणि आई पातेली मांडायची, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं काही मी म्हणत नाही. पण पत्र्याला ती साठवण्याची बुद्धी नाही. दिवसाची ऊब आत भिंतींत आणि फरशीतच साठवून घ्यावी लागते, म्हणून खिडक्यांची वेळ पाळायची.

प्रश्न : नाशिकला सिडकोत वरच्या मजल्यावर राहतो. आई ७८ वर्षांची, तिला मधुमेह आहे. तिच्या खोलीत दोन हजार वॅटचा रॉडचा हिटर लावतो. बिल बघून डोळे पांढरे झाले, आणि परवा सॉकेटमधून जळका वास आला. दुकानदार म्हणतो, तेलाचा हिटर घ्या, वीज निम्मी लागते. घेऊ का? – एक मुलगा

उत्तर : दुकानदाराला विचारा, निम्मी वीज घेऊन तो पूर्ण ऊब कुठून आणतो. दोन हजार वॅटचा रॉड तासाला दोन युनिट खातो, दोन हजार वॅटचा तेलाचा हिटरही चालू असतो तेवढा वेळ तेवढेच खातो, आणि दोघेही ऊब तितकीच देतात. तेलाचा सुरक्षित आहे, रॉड लाल होत नाही, पदर किंवा पांघरूण पेटायची भीती कमी, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत मी तोच ठेवीन. पण बिलासाठी नव्हे. रोज पाच तास म्हणजे दहा युनिट, महिन्याला तीनशे. ती तीनशे घरच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, आणि महावितरणचा दर शंभर युनिटनंतर आणि परत तीनशेनंतर वाढतो. डोळे पांढरे होणारच. एका युनिटात खरोखर जास्त ऊब देतो तो गरम-गार दोन्ही करणारा एसी, कारण तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो. नवा एसी घ्यायचाच असेल तर तसा घ्या. फक्त थंडीसाठी घेऊ नका, आपल्याकडे थंडीचे दिवस मोजून दीड-दोन महिने.

जळका वास : तो हिटर लहान सॉकेटमध्ये आहे, होय ना? दोन हजार वॅटला जवळपास नऊ अँपिअर लागतात आणि लहान सॉकेट सहाचं असतं. गिझरसाठी असतो तसा सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, त्याला वायरही जाड हवी. एक्स्टेन्शन बोर्डवर हिटर कधीच नाही. तोवर तो बंद.

खोली तापवायच्या आधी फटी शोधा. रात्री पंखा बंद करून उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीभोवती हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर तिथे फट. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत दोन काचा जिथे एकमेकींवरून जातात तिथे धूर हमखास पळतो. हार्डवेअरच्या दुकानात ब्रशची चिकटपट्टी मिळते, ती लावा. दाराखाली वाळू भरलेली कापडी नळी. पडदा जाड आणि जमिनीला टेकणारा. जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून पडदा केला तर फारच छान, मी केलाय, फक्त दांडी भक्कम बसवा, माझी पहिली दांडी पडद्यासकट गव्हाच्या डब्यावर पडली होती.

आईसाठी खोलीपेक्षा अंथरूण तापवा. अंथरुणाखाली घालायची विजेची चादर शंभर-दीडशे वॅटची असते, हिटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. झोपायच्या अर्धा तास आधी लावा आणि आई आडवी झाली की बंद करा, बटण तुमच्या हाताने. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवीही उकळत्या पाण्याची नको, टॉवेलात गुंडाळून पायांपासून वीतभर दूर ठेवा. कानटोपी, पायमोजे आणि आत सुती बंडी. खोलीत एक साधा तापमापक टांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत घरात १८ अंशांच्या खाली उतरू देऊ नये असं म्हटलंय. तुमच्या खोलीत त्याहून कमी होतंय की नुसतं वाटतंय, ते निदान कळेल. सकाळी आईच्या खोलीत १५ दिसले तर हिटर तासभर लावाच, बिलाकडे बघू नका.

दक्षिणेला खिडकी किंवा गॅलरी आहे का, ते कळवलं नाहीत. असेल तर आईची खुर्ची तिथे. डिसेंबरअखेरीस नाशिकला भर दुपारीही सूर्य निम्म्याच उंचीवर असतो. सात फुटांवर लिंटल, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची तुळई, आणि वर दीड फुटाचा छज्जा असला तरी ऊन पाच फूट आत येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर जातो आणि त्याच खिडकीतून काहीच येत नाही. ही फुकटची सोय जुन्या माणसांना माहीत होती. आपण मात्र त्या खिडकीला काळी फिल्म लावतो.

प्रश्न : मी शिकायला इंग्लंडमध्ये लेस्टरला आलेय. चौघी मिळून जुन्या विटांच्या घरात भाड्याने राहतो. हीटिंग लावलं तरी खोली गार, आणि माझ्या पलंगामागच्या कोपऱ्यात काळे डाग पडलेत. घरमालक म्हणतात, तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून. खरं आहे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : अर्धं खरं आहे. तिकडच्या शंभर वर्षं जुन्या घरांच्या भिंती बहुतेक भरीव विटांच्या, मधे पोकळी नसलेल्या. बाहेर दोन अंश असताना भिंतीचा आतला कोपरा इतका गार होतो की खोलीतली ओल तिथेच बसते आणि काळी बुरशी धरते. वर निफाडच्या पत्र्याचं वाचलंत ना, तुमच्याकडे पत्र्याच्या जागी भिंत आहे, बाकी सगळं तेच. चौघी कपडे कुठे वाळवता? खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ना? ते बंद करा, निदान ज्या खोलीत झोपता तिथे तरी. बाथरूममध्ये वाळवा, दार लावून, पंखा चालू ठेवून. फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार बंद. सकाळी दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडा आणि मग लावा. दिवसभर बोटभर उघडी ठेवलेली खिडकी फक्त भिंत गार करते. रेडिएटरसमोर सोफा असेल तर सरकवा.

घरमालकाचं अर्धं : इंग्लंडमध्ये घराच्या ऊर्जेचा ए ते जी असा दर्जा ठरलेला असतो आणि १ एप्रिल २०२० पासून, थोडे अपवाद सोडता, ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही. तुमच्या पत्त्याचा दाखला सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. तो बघा, डागांचे तारखेसह फोटो काढा आणि त्यांना लेखी कळवा. बोलण्यात गेलेली तक्रार ही तक्रार नसते, हे नाशिकमध्येही खरं आहे.

आणि पलंग, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, म्हणजे मागे हवा जाईल. मागे काय दिसेल त्याची तयारी ठेवून ओढा. एका हिवाळ्यात मी हौसेने आमच्या सगळ्या खिडक्यांच्या फटी प्लॅस्टिकने बंद केल्या होत्या, घर कसं उबदार झालंय म्हणून शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. मार्चमध्ये उत्तरेच्या भिंतीजवळचं कपाट पुढे ओढलं. भिंत काळी, कपाटाची पाठ काळी, आणि खालच्या कप्प्यात माझ्या लग्नाचा शालू.